वाईन चाखायला शिकताना : कृती, मापं आणि हमखास होणाऱ्या चुका (अनुभव धागा)

नाशिककडे जानेवारी ते मार्च वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालते आणि टेस्टिंगला गर्दी होते. पाच-सहा ग्लास ओळीने समोर येतात, पण 'छान आहे'च्या पुढे गाडी सरकत नाही. जाणकारांनी इथे आपापल्या टोपणनावाने लिहावं. किस्से नकोत, नवख्याला उद्या करून बघता येईल असं हवं.

सुरुवात मापापासून करते. चाखायला ५० मिली पुरे, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत पंधरा जण. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. तो एक तृतीयांशाच्या वर भरला की फिरवायला जागा उरत नाही आणि वासही कोंडून राहत नाही. भांड्याच्या साबणाचा वास काचेला राहतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने विसळून उपडा न ठेवता सुकवा.

तळघर
मापाइतकंच तापमान महत्त्वाचं. 'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असते. त्या तापमानाला शिराझ (एक रेड वाईन) उघडली तर अल्कोहोलची सणक आधी नाकात जाते आणि फळाचा वास मागे पडतो. रेड १६ ते १८ अंशांना हवी, त्यासाठी फ्रीजमध्ये दीड-दोन तास ठेवा. सोव्हिन्यो ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ या व्हाईट वाईन ८ ते १० अंशांना. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन त्यात मूठभर मीठ टाका, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही.
उलटी चूकही होते. व्हाईट ४-५ अंशांवर गेली की मुकी होते, वासच येत नाही. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

खमंग
वासाबद्दल लिहिते, कारण अर्ध्याहून जास्त काम नाकच करतं. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग तो टेबलावरच ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवा आणि लगेच पुन्हा हुंगा. लहान लहान हुंगे घ्या. लांब श्वास घेतला की नाक त्या वासाला सरावतं आणि काहीच कळेनासं होतं. तसं झालं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या.
वासाची नावं पाठ करू नका, आपल्या ओट्यावर शोधा. सोव्हिन्यो ब्लाँमध्ये चिरलेली ढोबळी मिरची सापडते, आणि ते निव्वळ साम्य नाही, दोन्हींत एकाच कुळातली द्रव्यं असतात. शिराझमधल्या काळ्या मिरीचंही तसंच : रोटंडोन हे द्रव्य मिरीतही असतं. साधारण पाचातल्या एकाला मात्र त्याचा वास येतच नाही. मिरी सापडली नाही तर नाकाला दोष देऊ नका. 'ब्लॅककरंट' कधी खाल्लंच नसेल तर बिनधास्त जांभूळ लिहा.

द्राक्षमळा
खमंग यांच्याशी सहमत. जिभेवर मात्र चार गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या. घोट तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, मग थुंका किंवा गिळा.
आंबटपणा : तोंडाला किती पाणी सुटतं ते बघा.
तुरटपणा, म्हणजे टॅनिन : हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते. डाळिंबाची साल चावली की जे होतं तेच.
अल्कोहोल : घशातली ऊब.
गोडी : इथेच सगळे फसतात. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू गोड समजतो. नाक दाबून एक घोट घ्या. गोडी गायब झाली तर वाईन कोरडीच, म्हणजे बिनसाखरेची होती.
ग्लासच्या कडेने उतरणाऱ्या धारांवरून दर्जा ठरवू नये. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे पडतात.

तळघर
खराब बाटलीबद्दल. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट वास आला आणि फळ हरवलं असेल तर बुचाचा दोष. तो हवेने जात नाही, बाटली परत करा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर जाणवलं तर आम्ल चढलंय. सडक्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा ग्लास जोरात फिरवून दहा मिनिटांत उडतो, लगेच ओतून देऊ नका. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरेट, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी.

कडूगोड
चाखायचा क्रम : स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), हलकी व्हाईट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड. मध्ये पाणी आणि साधा पाव, चीज नको. चीजची चरबी आणि मीठ तुरटपणा झाकतात, मग सुमार रेडही बरी वाटते. चाखण्याआधी तासभर पान, बडीशेप, टूथपेस्ट टाळा.
जेवणासोबत : तांबड्या रश्शाबरोबर टॅनिनची रेड घेतली की तिखट आणखी भडकतं, तिथे किंचित गोड शेनिन चालते. श्रीखंडाबरोबर कोरडी वाईन नुसती आंबट लागते.

खमंग
गाडी घेऊन आलेल्याने प्रत्येक घोट थुंकावा. तरी अंगात थोडं जातंच, म्हणून त्यालाही परतीला वेगळा चालक हवाच.

द्राक्षमळा
उरलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवली की हवेशी संपर्क वाढतो. तीन दिवसांत संपवा. व्हाईटला कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर ती स्वयंपाकाला.