स्थानिकांना प्रशिक्षण देता, मग निर्णयही द्या (आपत्तीतल्या मुलांसाठीचं मदतकार्य: एक चर्चा. प्रत्येक भागाआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओंजळ

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आपत्तीच्या तयारीसाठी स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देतात. मी अशा प्रशिक्षणांत आधी शिकायला आणि नंतर शिकवायला बसले आहे. माझं मत आता पक्कं झालंय. प्रशिक्षण द्यायचं आणि निर्णय वरच्या कार्यालयात ठेवायचे, हे थांबायला हवं. सही करायचा अधिकार आणि हाताशी थोडे पैसे देणार नसाल, तर त्या माणसाला 'नेतृत्व' शिकवू नका.

एक प्रसंग सांगते. सरावात एक प्रशिक्षक 'काका' झाला होता. नीटनेटके कपडे, हातात ओळखपत्र, बोलणं गोड. छावणीतल्या सहा वर्षांच्या मुलीला घरी न्यायला आलोय म्हणाला. समोर एक शिक्षिका होती, पहिल्यांदाच असं काही करत होती. तिने ओळखपत्राकडे पाहिलंही नाही. आधी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "घरी तुला काय म्हणून हाक मारतात?" मग तोच प्रश्न काकाला. काका गडबडला. आमच्या फॉर्मवर तो प्रश्न नव्हताच. नंतर आम्ही तो घातला.

काही महिन्यांनी खरोखरची आपत्ती आली. त्याच बाईंकडे एका मोठ्या खोलीत एकोणीस मुलं होती. शौचालय बाहेर, अंधारात, दाराला कडी नाही. शेजारची कुलूप असलेली इमारत मिळत होती, भाडं मागत होते. त्यांनी कार्यालयाला फोन केला. मंजुरी अकरा तासांनी आली. ती रात्र त्यांनी शौचालयाच्या दाराशी उभं राहून काढली, प्रत्येक मुलीसोबत जाऊन. काय करायचं हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. ते आम्हीच शिकवलं होतं.

२०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला. २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला किमान २५ टक्के वाटा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत शक्य तितका थेट पोचवायचा, असं त्यात ठरलं होतं. मुदत उलटून वर्षं झाली. थेट पोचणारा वाटा अजून एक आकडी टक्क्यांतच घुटमळतोय. प्रशिक्षणं मात्र जोरात चालू आहेत.

काठावरून

ओंजळ, त्या रात्रीबद्दल वाचून वाईट वाटलं, तरी तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी बालसंरक्षणात केसवर्कर (एकेका मुलाचं प्रकरण हाताळणारी व्यक्ती) म्हणून काम केलंय.

'स्थानिक' हा शब्द आपण फार भाबडेपणाने वापरतो. स्थानिक म्हणजे कोण? ज्याच्याकडे वस्तीत आधीच वजन आहे तो. प्रशिक्षणाला नाव सुचवा म्हटलं की त्याचंच नाव येतं. मग सामान आलं की आधी कोणाच्या घरी जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हे नुसतं वाटपापुरतं राहत नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रन यूके यांनी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांबद्दल एक अहवाल पुढे आणला. मदतीच्या वस्तूंच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचे आरोप त्यात होते. आरोप असलेल्यांत बहुतेक तिथूनच नेमलेले पुरुष कर्मचारी होते. धान्य त्यांच्या हातात, यादी त्यांच्या हातात, विचारणारं कोणी नाही. त्या धक्क्यानंतरच या क्षेत्रात लैंगिक शोषणाविरुद्धचे लेखी नियम आले. तुम्ही मागताय तो अधिकार नेमका तसाच आहे, एका माणसाच्या हातातला.

दुसरं उदाहरण माझं. एका चांगल्या, तळमळीच्या कार्यकर्त्याने ताटातूट झालेल्या मुलांची यादी फोटोंसकट एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हेतू एवढाच की आईवडिलांना लवकर कळावं. दुसऱ्या दिवशी तीन जण एकाच मुलावर हक्क सांगायला आले. मूल जेमतेम बोलायला लागलेलं. त्यातला खरा कोण हे ठरवायला आम्हाला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस त्याच्या खऱ्या आईला आम्ही त्याला हातही लावू दिला नाही. तिचं रडणं अजून कानात आहे. तुमच्या भाषेत तो कार्यकर्ता 'प्रशिक्षित' होता.

मुलांच्या बाबतीत चूक करून शिकायची सोय नसते. अकरा तासांचा उशीर वाईट, पण चुकीच्या माणसाच्या हाती दिलेलं मूल परत मिळत नाही.

सांजवेळ

काठावरून यांच्याशी सहमत. व्हॉट्सॲपचा प्रकार मीही पाहिलाय, फक्त तिथे फोटो टाकणारी बाहेरून आलेली मोठी टीम होती.

ओंजळ

काठावरून, तुमचं उदाहरण मला लागलं, आणि ते खोडायचा प्रयत्न मी करणार नाही. पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ मला पटत नाही.

२००२ च्या प्रकरणात दोष 'स्थानिक' असण्याचा होता, की सामान आणि सत्ता हातात असताना तक्रार ऐकणारं कोणी नसण्याचा? २०१० च्या भूकंपानंतर हैतीत एका मोठ्या संस्थेच्या परदेशी अधिकाऱ्यांनीच गैरवर्तन केलं, आणि ते जगासमोर यायला २०१८ साल उजाडलं. म्हणजे मुख्यालयातून आलेला माणूस आपोआप सुरक्षित ठरत नाही.

त्याच हैतीत जानेवारी २०१० च्या अखेरीस दहा अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पकडले गेले. 'अनाथ' म्हणून नेत होते. बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत निघाले. चांगल्या शाळेच्या, चांगल्या आयुष्याच्या आश्वासनावर घरच्यांनीच ती सोपवली होती. हे मूल कोणाचं, त्याची मावशी कुठे राहते, हे त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. तिला विचारणारं कोणी नव्हतं आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार तिला नव्हता.

आणि काही कामं बाहेरच्याला जमतच नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत आईवडील दगावलेल्या, स्वतः संसर्गाच्या शक्यतेतल्या लहान मुलांना २१ दिवस निरीक्षणाखाली ठेवावं लागे. त्यांना उचलून कोण घेणार? इबोलातून बरी झालेली माणसं पुढे आली. त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती होती, म्हणून युनिसेफसारख्या संस्थांनी त्यांना शिकवून या केंद्रांत नेमलं. रडणाऱ्या मुलाला छातीशी धरू शकणारी माणसं तिथे तीच होती. कुठल्याही राजधानीतून विमानाने तशी माणसं आणता आली नसती.

रुजवात

दोघंही नेतृत्वाबद्दल बोलताय, पण प्रशिक्षित माणूस पुढच्या आपत्तीपर्यंत टिकतो का, हे कोणी विचारत नाहीये.

मी एका छोट्या संस्थेचा हिशेब सांभाळायचो. दोन वर्षांत आम्ही सहा जणांना तयार केलं. मुलांच्या मुलाखती, नोंदणी, मानसिक प्रथमोपचार, सगळं. आपत्ती आली आणि पहिल्या तीन आठवड्यांत त्यातले चार जण मोठ्या संस्थांनी उचलले. पगार दुपटीहून जास्त, गाडी, विमा. मी त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाला घर आहे. पण आमच्याकडे दोन माणसं आणि मुलांच्या फायलींनी भरलेलं कपाट उरलं. ज्या मुलांनी एका ताईवर विश्वास टाकून पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, त्यांच्यासमोर महिन्याभरात तिसरा चेहरा बसला.

यावर उपाय लिहिलेला आहे. २०१५ च्या 'चार्टर फॉर चेंज' या जाहीरनाम्यात सही करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलंय की आपत्तीच्या सुरुवातीच्या सहा महिन्यांत स्थानिक संस्थेचा माणूस घेतला तर तिला भरपाई द्यायची. उदाहरणादाखल पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या १० टक्के असंही त्यात म्हटलंय. आम्हाला एक पैसाही मिळाला नाही. मागायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. प्रशिक्षणात हे कोणी शिकवत नाही, हे मला फार खुपतं.

त्यामुळे माझं मत तुमच्या दोघांपेक्षा वेगळं आहे. नेता घडवू नका, संस्था घडवा. लेखापाल, फायली सांभाळणारा माणूस, आपत्ती नसतानाच्या महिन्यांचा पगार. यावर पैसे द्या.

पायवाट

रुजवात यांचा मुद्दा बरोबर आहे, पण संस्था म्हणजे नेहमी कार्यालय आणि पगारच असतो असं नाही. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली असं मानतात. त्यानंतर १९७२ मध्ये रेडक्रॉसने तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला, पुढच्याच वर्षी सरकार त्यात सामील झालं. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि जवळपास निम्म्या स्त्रिया. मे २०२० च्या अम्फान वादळात कोविड चालू असतानाही वीस लाखांहून जास्त लोक निवाऱ्यात हलवले गेले. बांगलादेशातले मृत्यू काही डझनांपलीकडे गेले नाहीत.

हा स्वयंसेवक तिथेच राहतो, सराव दरवर्षी होतो, आणि इशारा आला की झेंडा कधी चढवायचा, कोणाच्या दारावर थाप मारायची, हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही. पन्नास वर्षं सलग केलेलं काम आहे हे. आपण दोन वर्षांचा प्रकल्प करतो आणि मग अहवाल छापतो.

सांजवेळ

ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल कोणाचा अनुभव? सेव्ह द चिल्ड्रनच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालेल्या ह्युमॅनिटेरियन लीडरशिप अकॅडमीचं 'काया' हे व्यासपीठ आहे. बरेच अभ्यासक्रम फुकट आहेत. मी दोन केले. माहिती चांगली मिळाली. पण मूल समोर गप्प बसून राहिलं की आपण किती वेळ गप्प बसायचं, हे पडद्यावर शिकता येत नाही.

काठावरून

पायवाट, वादळात लोकांना हलवणं आणि एखाद्या मुलाचा ताबा कोणाला द्यायचा हे ठरवणं, या दोन कामांत फार अंतर आहे. पहिल्यात घाई केली तर जीव वाचतो. दुसऱ्यात घाई हाच धोका असतो. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालक किंवा मान्यताप्राप्त व्यक्ती सोबत असल्याशिवाय मुलांना प्रवासाला बंदी केली, परदेशात दत्तक देणं थांबवलं, नवी बालगृहं नोंदवणं बंद केलं. हे निर्णय वरूनच व्हायला हवे होते आणि तसेच झाले. वस्तीतली एकटी बाई मुलं नेणारा ट्रक अडवू शकत नाही. तिच्या मागे कायदा उभा असावा लागतो.

पण ओंजळ, तुमच्या हैतीच्या उदाहरणावर मी दोन दिवस विचार केला. 'थांबा' म्हणायचा अधिकार वेगळा आणि 'घेऊन जा' म्हणायचा वेगळा. पहिला अधिकार तिथल्या माणसाला आजच द्या, माझी हरकत नाही. मूल जागेवरून हलू न देणं, संशयिताला बाहेर काढणं, कुलूप असलेली खोली भाड्याने घेणं. यातली चूक दुरुस्त करता येते, फार तर भाडं वाया जाईल. मूल कोणाच्या हाती सोपवणं, त्याचा फोटो किंवा नाव बाहेर जाऊ देणं, हे एकट्याने नाही. कधीच नाही.

ओंजळ

हे मला मान्य आहे. सुरुवातीला लिहिताना मी हे दोन अधिकार एकच धरले होते, ती माझी चूक. त्या बाईंना त्या रात्री हवा होता तो पहिलाच. खोलीचं भाडं, एक कडी, दोन बॅटऱ्या.

दुसऱ्यासाठी दोन सह्या ठेवू. एक तिथल्या कार्यकर्तीची, दुसरी केसवर्करची.

पायवाट

रात्री दोन वाजता केसवर्कर कुठून आणणार? पूल पडलेला, फोनला रेंज नाही. माझ्या अनुभवात पहिले तीन दिवस बाहेरून कोणीच पोचत नाही, आणि लोक मुलं न्यायला येतात ते याच तीन दिवसांत.

काठावरून

मग दुसरी सही त्याच वस्तीत राहणाऱ्या माणसाची हवी. पहिल्याच्या नात्यातला नको, हाताखालचा नको. आणि दोघांनी एकत्र प्रशिक्षण घेतलेलं हवं, त्या खोट्या काकासमोर दोघांनी मिळून बसलेलं हवं. एकाने सही करायला नकार दिला, तर दुसऱ्याने रागावायचं नाही, हेही तिथेच शिकवावं लागेल. ते सगळ्यात अवघड आहे.

रुजवात

आणि मोठ्या संस्थेने एकाला उचललं, तर दुसरा उरतो. फायलींची किल्ली कुठे आहे ते माहीत असलेला.

ओंजळ

पुढच्या तुकडीची यादी माझ्याकडेच आहे. सोळा नावं, सोळा वेगवेगळ्या वस्त्यांतली. जास्तीत जास्त वस्त्यांपर्यंत पोचायचं म्हणून मीच तशी केली होती. आज रात्री ती बदलायला घेते, आठ वस्त्या आणि प्रत्येकीतून दोघं. उरलेल्या आठ वस्त्या या वर्षी राहतील. त्यांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.