जार्दिनिएरातील तेलाचे काम

शिकागोच्या इटालियन बीफ सँडविचसोबत (पावात पातळ कापलेले गोमांस भरलेले सँडविच) व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या कोणत्याही मिश्र भाज्या चालतील, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. या सँडविचवर घालतात ते जार्दिनिएरा म्हणजे मिश्र भाज्यांचे लोणचे; इटलीत ते प्रामुख्याने व्हिनेगरमध्ये असते. शिकागोतील इटालियन वस्तीत रुजलेल्या प्रकारात मात्र फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि सेरानोसारख्या तिखट मिरच्या शेवटी तेलात बुडवलेल्या असतात, आणि सारा फरक त्या तेलाचाच आहे. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगला उतरतो, त्यामुळे कमी चरबीच्या, कागदासारख्या पातळ कापलेल्या मांसाला ते तेल स्निग्धता आणि तिखटपणा एकाच वेळी देते. पाव मांसाच्या रसात बुडवून घेतला असेल तर हे तेल त्या रसात मिसळून पावाच्या आतपर्यंत पोहोचते, आणि माझ्या मते या सँडविचची खरी चव तिथेच आहे.

घरी करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. कच्च्या भाज्या नुसत्या तेलात ठेवल्यास हवाबंद, आम्लरहित वातावरणात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात. म्हणून भाज्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून, धुऊन, व्हिनेगरमध्ये चांगल्या मुरवाव्यात, मगच त्यांवर तेल घालावे आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. निव्वळ ऑलिव्ह तेल थंडीत गोठते, तेव्हा सोयाबीनचे तेल वापरणे अधिक सोयीचे.