गावच्या बंद घरासाठी वायरलेस बर्गलर अलार्म कसा निवडावा?

ओटीवरचा
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो, त्यामुळे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर बंदच असते. घर जांभ्या चिऱ्याचे असून वर मंगलोरी कौले आहेत. पुढे ओटी, मध्ये माजघर, बाजूला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी अशी जुनी रचना आहे. दागिने वगैरे काही तेथे नाही, परंतु तांब्यापितळेची जुनी भांडी, देव्हाऱ्यातील मूर्ती, विहिरीवरचा पंप आणि इन्व्हर्टरची बॅटरी एवढा ऐवज आहे. आमच्याच वाडीतील एका बंद घराची कौले काढून चोर आत उतरल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला आहे.

ऑनलाइन पाहिल्यावर काही संच वायफायवर चालणारे, काही सिमकार्डावर चालणारे, तर काही दोन्ही असलेले दिसले. आमच्याकडे ब्रॉडबँड नाही आणि मोबाइलला रेंज फक्त ओटीवर मिळते. अशा घरासाठी कोणता संच घ्यावा, सेन्सर कोठे बसवावेत, आणि हे काम घरच्या घरी जमेल की वायरमन बोलवावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. घरात पाली भरपूर आहेत, हेही सांगून ठेवतो.

कोयंडा
संच कोणता घ्यावा हे ठरवण्यापूर्वी, अलार्म वाजल्यावर तेथे कोण जाणार हे ठरवा. आपण डोंबिवलीत आहात. रात्री दोन वाजता फोन आला तरी आपण सकाळपर्यंत पोहोचू शकणार नाही. त्यामुळे पॅनेलमध्ये, म्हणजे सेन्सरचे संदेश घेऊन फोन करणाऱ्या मुख्य पेटीत, पहिला क्रमांक आपला न ठेवता वाडीतील अशा माणसाचा ठेवावा, जो उठेल आणि चार जणांना उठवील. त्यानंतर आपला, आणि शक्य असल्यास पोलीस पाटलांना विचारून त्यांचा क्रमांक घालावा. पोलिसांचा ११२ हा क्रमांक पॅनेलला परस्पर लावायला देऊ नये. खोट्या अलार्मचे फोन तिकडे गेले तर खऱ्या वेळी आपलीच पत उरत नाही. शेजाऱ्याने खात्री करून तो लावावा. त्याने एकट्याने आत मात्र जाऊ नये, हे त्याला आधीच सांगावे.

केवळ भोंग्यावर विसंबून राहू नका. पाकिटावर ११० डेसिबल लिहिलेले असते, ते साधारण एक मीटर अंतरावरचे असते. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने सव्वाशे मीटरवरच्या शेजाऱ्याकडे जेमतेम ६८ डेसिबल पोहोचतात, आणि मध्ये माडापोफळीचे आगर व भिंती असतील तर त्याहूनही कमी. जुलैच्या रात्री कौलांवर पाऊस कोसळत असताना तो आवाज कोणाच्याही कानावर जाणार नाही. भोंगा हवाच, कारण आत आलेल्या माणसाला तो पळवून लावतो. मात्र माणसे गोळा करण्याचे काम फोनचे आहे.

म्हणून आपल्यासाठी सिमकार्डावर चालणारा संच योग्य ठरेल. येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. स्वस्त पॅनेल पुष्कळदा फक्त २जीवर चालतात आणि जिओकडे २जी सेवा नाही, त्यामुळे अशा पॅनेलमध्ये जिओचे कार्ड चालत नाही. ४जी पॅनेल घेतलेले बरे. ओटीवर कोणत्या कंपनीची रेंज सर्वात चांगली आहे ते पाहून तिचेच कार्ड घ्यावे. रिचार्जची मुदत संपली की आधी आउटगोइंग बंद होते आणि पॅनेलला तर नेमके आउटगोइंगच लागते, म्हणून वर्षभराचा रिचार्ज करून टाकावा.

तारवाला
मी चिपळूण परिसरात वायरिंगची आणि अलार्म बसवण्याची कामे करतो. वरील उत्तराशी सहमत आहे. आता बसवण्याविषयी लिहितो.

सर्वप्रथम विजेचे. गावचे घर बंद करताना आपण सगळे मेन स्विच पाडून येतो, आणि शॉर्टसर्किटची भीती लक्षात घेता ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे पॅनेलची आतली बॅटरी काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात संपते आणि अलार्म गपगार होतो. यासाठी पॅनेलपुरते वेगळे सर्किट काढून त्याला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) द्यावी, म्हणजे बाकीचे घर बंद ठेवून तेवढेच चालू राहील. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. सोबत सर्ज प्रोटेक्टर बसवावा, कारण वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडली की आपल्या भागात असली उपकरणे हकनाक जळतात. वीज गेल्याचा संदेश पाठवणारे पॅनेल निवडावे. दमटपणामुळे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडली तर ती उचलायला घरात कोणी नसते, आणि संदेश आला तर शेजाऱ्यांना तेवढे सांगता येते.

आपल्याकडे चोर कौले काढून येतात, हे लक्षात घेता दारांवरच्या सेन्सरवर सगळा भार टाकण्यात अर्थ नाही. अशा घरात मुख्य काम पीआयआर सेन्सरचे, म्हणजे माणसाच्या अंगाची उष्णता हललेली ओळखणाऱ्या सेन्सरचे असते. चोर वरून उतरो वा दाराने येवो, देवघरात किंवा स्वयंपाकघरात जायला त्याला माजघर ओलांडावेच लागते. एक पीआयआर माजघरात कोपऱ्यात, जमिनीपासून सात-आठ फुटांवर बसवावा. सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणाऱ्यापेक्षा त्याच्या समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो, म्हणून ज्या वाटेने लोक चालतात ती वाट आडवी पडेल असा कोपरा निवडावा. दुसरा सेन्सर देवघराकडे तोंड करून लावावा.

आपल्या कौलांत उजेडासाठी काचेचे कौल बसवले आहे का? असल्यास त्याचा कवडसा दिवसभरात जमिनीवर कोठून कोठे जातो ते पाहा आणि तो भाग सेन्सरच्या टप्प्यात येऊ देऊ नका. कवडसा सावकाश सरकतो तेव्हा सहसा काही होत नाही, परंतु ढग येऊन गेला की तेथली उष्णता एकदम बदलते आणि दुपारी विनाकारण भोंगा वाजतो.

पाल थंड रक्ताची असली तरी थेट सेन्सरच्या भिंगावर फिरली तर अलार्म देऊ शकते. मांजराएवढ्या प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारे सेन्सर मिळतात, मात्र ते प्राणी जमिनीवर असल्याचे गृहीत धरून बनवलेले असतात. सेन्सरजवळच्या वाशावरून उंदीर किंवा मांजर गेले तर हा गुण निरुपयोगी ठरतो. त्यामुळे सेन्सर वाशांपासून दूर, मोकळ्या भिंतीवर हवा, आणि त्याच्या पाठीमागची छिद्रे सिलिकॉनने बुजवावीत, म्हणजे मुंग्या आत घर करणार नाहीत. ठरावीक वेळेत दोन सेन्सर लागले तरच भोंगा वाजवायचा, अशी सोय काही पॅनेलमध्ये असते. पाली, वटवाघळे आणि उंदीर असलेल्या घरात मी ती सोय नसलेले पॅनेल सुचवतच नाही. मात्र मग दोन्ही सेन्सरचे टप्पे एकमेकांवर थोडे यावेत, नाहीतर खरा चोरही एकाच सेन्सरपुढे फिरत राहील.

पुढच्या दाराला चुंबकाचा सेन्सर जरूर लावा. जुने दार दोन झडपांचे असेल, तर जी झडप आधी उघडते तिच्यावर चुंबक आणि चौकटीवर सेन्सर येतो. पावसाळ्यात लाकूड फुगून दार नीट बसेनासे होते, त्यामुळे मे महिन्यात चुंबक आणि सेन्सर यांच्यात काटेकोर ठेवलेली फट ऑगस्टमध्ये बदलते. ही फट सेंटीमीटरभराच्या आत ठेवावी. संचासोबत येणारी दुहेरी चिकटपट्टी चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर एक पावसाळासुद्धा धरत नाही. स्क्रूच वापरा, आणि तेही शक्यतो लाकडी चौकटीत, कारण चिऱ्यात ड्रिल मारले की भोक भुगभुगीत होऊन प्लग ढिला बसतो. मागचे दार आतून अडसराने बंद होत असेल, तर तेथे सेन्सर नसला तरी चालेल.

सांगलीकर_निवृत्त
एवढ्या खटाटोपापेक्षा कॅमेरा लावणे सोपे नाही का? दुसरे असे की, माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो दिवाळीला येताना तिकडचा चांगल्या कंपनीचा संच आणतो म्हणतो. तो येथे चालेल का?

कोयंडा
कॅमेरा चोरी दाखवतो, थांबवत नाही. खोटा अलार्म ओळखायला त्याचा उपयोग होतो, हे मान्य आहे. इंटरनेट असलेल्या घरात मी दोन्ही लावीन. प्रश्नकर्त्यांकडे मात्र इंटरनेटच नाही, त्यामुळे त्यांनी आधी अलार्म घ्यावा.

अमेरिकेतील संच आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेन्सर आणि पॅनेल एकमेकांशी रेडिओ लहरींनी बोलतात आणि त्यासाठी कोणता पट्टा खुला आहे हे प्रत्येक देश ठरवतो. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. आपल्याकडे त्यातील काही भाग मोबाइल सेवेसाठी दिलेला आहे. भारतात अशा कमी शक्तीच्या उपकरणांना ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. संच येथेच घ्यावा आणि त्यावर यांपैकी कोणता पट्टा लिहिला आहे ते वाचावे.

ओटीवरचा
दोघांचेही मनापासून आभार. काचेची कौले दोन आहेत आणि त्यांतले एक नेमके माजघरावर आहे. आणखी दोन शंका आहेत. रेंज फक्त ओटीवर असताना पॅनेल ओटीवर ठेवले तर ते चोराच्या हाती पहिले लागणार नाही का? आणि स्वस्त व महाग संचांत खरोखर फरक कशाचा असतो?

तारवाला
पॅनेल ओटीवर ठेवू नका. बाहेरून अँटेना जोडण्याची सोय असलेले पॅनेल घेऊन ते आत, माळ्यावर नजरेआड ठेवावे आणि फक्त अँटेनाची वायर रेंज असलेल्या जागी न्यावी. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका असतील तर पॅनेल त्यांच्या मागे ठेवू नये, कारण धातूमुळे सेन्सरचा संदेश अडतो. सेन्सरचा पल्ला म्हणून पाकिटावर लिहिलेले शंभर मीटर हे मोकळ्या मैदानातले असतात. दीड फुटी चिऱ्याच्या भिंती, त्यातही पावसात भिजलेल्या, तो पल्ला पुष्कळ खाली आणतात.

कोयंडा
किमतीतला फरक दोन गोष्टींत दिसतो. स्वस्त सेन्सर एकेरी बोलतो, म्हणजे संदेश पाठवून मोकळा होतो. तो पोहोचला की नाही, हे त्याला कळत नाही. त्याची बॅटरी संपली किंवा कोणी तो उपटून नेला, तरी पॅनेल शांतच राहते. बरा संच दुहेरी बोलतो, दर काही मिनिटांनी सेन्सरची हजेरी घेतो आणि हजेरी चुकली तर फोन करतो. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरात मी याच गोष्टीसाठी जास्त पैसे मोजीन. दुसरे, रिमोटचा संकेत प्रत्येक वेळी बदलणारा असावा. ठरीव संकेताचा रिमोट असेल, तर तो हवेतून टिपून पुन्हा पाठवता येतो आणि अलार्म बाहेरूनच बंद करता येतो.

गणपतीत जाल तेव्हा पाऊस चालू असतानाच सगळे बसवून चाचणी घ्या. मेन पाडा, प्रत्येक खोलीतून चालत जा, देवघराचे दार लावूनही पाहा आणि फोन कोणाकोणाला आणि किती वेळाने गेला हे वहीत लिहून ठेवा. वाडीत आधी सांगून ठेवा, नाहीतर आरतीच्या वेळी अख्खी वाडी काठ्या घेऊन दारात हजर होईल.