लोंबत्या सक्युलंटच्या कुंडीला वरून उजेड हवा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सदनिका २०१ : सर्वांना नमस्कार. जिन्यातील खिडकीपाशी छताच्या हुकाला टांगलेल्या ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’च्या, म्हणजे मण्यांसारख्या गोल पानांत पाणी साठवणाऱ्या सक्युलंट वेलीच्या कुंडीबद्दल विचारायचे आहे. खाली लोंबणारे मण्यांचे सर अजून टवटवीत दिसतात, परंतु कुंडीच्या तोंडाशी एकही मणी उरलेला नाही. तिथे नुसत्या सुकलेल्या काड्या आहेत आणि जरासा धक्का लागला तरी एखादा सर बुडाशी तुटून हातात येतो. पाणी दर रविवारी न चुकता घातले जाते. खत कमी पडत असेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सदनिका ४०३ : ताई, हा खताचा प्रश्न नाही, कुंडी कुठे टांगली आहे याचा आहे. आपली कुंडी खिडकीच्या चौकटीपेक्षा वर आहे. त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड लोंबणाऱ्या सरांवर पडतो आणि कुंडीचा माथा दिवसभर सावलीत राहतो. उजेड न मिळालेल्या भागातील मणी ही वेल टाकून देते. त्याच सावलीमुळे वरची माती लवकर वाळत नाही आणि त्या ओल्या मातीत पुढच्या रविवारचे पाणी पडते, म्हणून देठ बुडाशी कुजतात. खालचे सर आपल्या मण्यांत साठवलेल्या पाण्यावर बरेच दिवस तग धरतात. ते हिरवे दिसतात म्हणून वेल ठीक आहे, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्यांचा मुळांशी संबंध केव्हाच तुटलेला असू शकतो.

कुंडी खाली आणा. तिचा काठ खिडकीच्या साधारण मध्यावर येईल आणि उभे राहून पाहिल्यावर आपल्याला वरची माती दिसेल, इतक्या उंचीवर ती असावी. या वेलींच्या बाबतीत मी सर्वांत आधी हीच गोष्ट पाहतो.

सदनिका १०४ : काका, पण ही झाडे मुळात लोंबण्यासाठीच असतात ना? मग उंचावर टांगण्यात गैर काय?

सदनिका ४०३ : वहिनी, चांगले विचारलेत. ही वेल दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातली. तिथे ती कशालाही टांगलेली नसते. झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाने ती जमिनीवर सरपटते, जिथे पेर मातीला टेकेल तिथे नवी मुळे सोडते आणि हळूहळू तिची दाट चटई तयार होते. म्हणजे तिथे तिच्या प्रत्येक भागावर वरून उजेड पडतो आणि तिला एका बुंध्यावर विसंबून राहावे लागत नाही. टांगणे ही आपली हौस आहे. ती जरूर पुरवावी, पण त्या हौशीपायी वेलीचा वरचा उजेड आणि तिचे जमिनीशी असलेले नाते या दोन गोष्टी तोडू नयेत. म्हणूनच दोन-तीन लांब सर उचलून परत कुंडीतल्या मातीवर गोल अंथरून ठेवावेत, असे मी सर्वांना सुचवतो. ते तिथे मुळे धरतात आणि माथा पुन्हा भरून येतो.

वेळ मिळाला तर एक मणी भिंगाखाली जरूर पाहा. त्याच्या एका कडेने गडद, काचेसारखी पारदर्शक चीर गेलेली दिसेल. ती त्या पानाची खिडकी आहे. पान गोल असल्यामुळे पाण्याच्या साठ्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो आणि बाष्पीभवन कमी होते, परंतु तेवढ्याच पृष्ठभागातून उजेडही कमी घेता येतो. ती उणीव ही चीर भरून काढते. तिच्यातून उजेड मण्याच्या पोटात शिरतो आणि आतल्या पेशींनाही अन्न तयार करता येते. मला या वेलीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

सदनिका ३०२ : फार छान माहिती. मग पाणी कधी घालावे? सकाळ-संध्याकाळ फवारणी केली तर चालते का?

सदनिका ४०३ : फवारणी अजिबात नको. या वेली पाणी मुळांवाटे घेतात. फवाऱ्याने फक्त मणी आणि देठांचे सांधे ओले राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. अशा बऱ्याच वनस्पती दिवसा पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात तो वापरतात. पाणी वाचवण्याची इतकी काटेकोर व्यवस्था ज्यांच्या अंगात आहे, त्यांना रोजच्या पाण्याची गरज नसते.

पाण्याचा वार ठरवू नका, मण्याला विचारा. तहानलेला मणी बोटांत धरला तर किंचित मऊ लागतो, त्यावर बारीक सुरकुती येते आणि ती चीर अरुंद होते. अशा वेळी बोट मातीत दोन पेरे खोल घालून पाहा किंवा कुंडी उचलून तिचे वजन अजमावा. माती पूर्ण कोरडी असेल तर तळाच्या छिद्रांतून पाणी वाहेपर्यंत भरपूर पाणी द्या आणि पुन्हा कोरडी होईपर्यंत विसरून जा. उन्हाच्या, कोरड्या हवेच्या दिवसांत ही वेळ लवकर येईल. हवा दमट आणि आकाश ढगाळ असेल तेव्हा तीन आठवडेही लागू शकतील.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवावी. मणी सुरकुतलेले आहेत आणि माती ओली आहे, असे दिसले तर ती तहान नव्हे. मुळे कुजल्यामुळे समोर असलेले पाणी वेलीला घेता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी दयेपोटी आणखी पाणी घातले तर उरलेली वेलही जाते. मणी पिवळसर, पारदर्शक होऊन बोटाखाली फुटत असतील, तर पाणी नक्कीच जास्त झाले आहे.

सदनिका १०१ : या कुंडीला पाणी घातल्यावर ते थेट पायऱ्यांवर गळते आणि ज्येष्ठांचा पाय घसरण्याची भीती वाटते, हेही या निमित्ताने नम्रपणे नोंदवतो.

सदनिका ४०३ : आपले म्हणणे अगदी रास्त आहे आणि उपायही वेलीच्या हिताचाच आहे. टांगलेल्या कुंडीला जागेवर पाणी घालूच नये. ती उतरवून मोरीत किंवा बेसिनमध्ये ठेवावी, भरपूर पाणी द्यावे, अर्धा तास निथळू द्यावी आणि मग परत टांगावी. गळण्याच्या धास्तीने आपण वरून थोडेथोडे पाणी घालतो आणि मुळांना ते कधीच पुरेसे पोहोचत नाही. कुंडीला खाली चिकटवलेली बशी असेल तर ती काढून टाका, कारण तिच्यात साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही.

सदनिका २०१ : मग आता ही वेल वाचवायची कशी? माती कोणती घ्यावी? आमच्याकडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे.

सदनिका ४०३ : खालचे निरोगी सर लगेच कापून घ्या आणि प्रत्येकी साधारण १० सेंटीमीटरचे तुकडे करा. कापलेली टोके एक दिवस सावलीत सुकू द्या. नंतर पसरट, उथळ कुंडी घ्या. या वेलीची मुळे बारीक असतात आणि वरच्या थरातच राहतात, त्यामुळे ८ ते १० सेंटीमीटर खोली पुरते. खोल कुंडीत तळाची माती नुसती ओली राहते. मातीची भाजलेली कुंडी मिळाली तर उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल उडून जाते. तुकडे मातीत उभे न खोचता आडवे अंथरा आणि तारेचे लहान आकडे करून पेरे मातीला टेकवून ठेवा. थेट ऊन नसलेल्या पण लख्ख उजेडाच्या जागी, माती जेमतेम ओलसर ठेवली तर दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. त्यानंतर पुन्हा नेहमीचा क्रम, म्हणजे पूर्ण कोरडी आणि मग पूर्ण ओली.

निव्वळ कोकोपीट नको. ते ओले असताना फार काळ ओले राहते आणि एकदा पूर्ण वाळले की आक्रसून कुंडीच्या कडा सोडते. मग पाणी त्या फटीतून खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अर्धा भाग जाडसर वाळू, पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा विटांचा बारीक चुरा आणि उरलेल्या अर्ध्यात बागेची माती, थोडे कोकोपीट व चांगले कुजलेले खत, एवढे मिश्रण पुष्कळ झाले. बारीक वाळू टाळा. ती मातीच्या फटी बुजवते.

सदनिका ५०२ : आमच्याकडची ‘बरोज टेल’ हात लावला की पाने गाळते. तिलाही हेच लागू आहे का?

सदनिका ४०३ : उजेडाचे आणि निचऱ्याचे नियम तेच आहेत, परंतु पाने गळणे हा तिचा रोग नाही. ती मेक्सिकोची, सेडम नावाच्या सक्युलंट गटातली वनस्पती आहे. एरिक वॉल्थर यांनी १९३८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे गळून पडलेले पान मातीवर पडले की त्याच्या बुडाशी मुळे आणि इवले रोप येते. म्हणून पडलेली पाने टाकू नका, दोन-तीन दिवस सुकवून मातीवर नुसती ठेवून द्या. तिच्या पानांवरची पांढुरकी झाक हा मेणाचा संरक्षक थर असतो. बोटाने पुसला गेला की त्या पानावर तो पूर्ववत होत नाही, म्हणून ही कुंडी जाण्यायेण्याच्या वाटेवर नसावी. पूर्ण वाढलेल्या फांद्या पाण्याने भरलेल्या आणि फार वजनदार असतात, तेव्हा हुक भक्कम बसवा.

सदनिका ३०२ : घरात मांजर आहे. काही धोका?

सदनिका ४०३ : हो, स्ट्रिंग ऑफ पर्ल्स मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी आहे आणि तिच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज येते. लोंबणाऱ्या सरांशी मांजर खेळणारच, तेव्हा आपण ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ ही हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल लावावी, ती आणि बरोज टेल दोन्ही विषारी नाहीत. स्ट्रिंग ऑफ हार्ट्सच्या पेरांवर छोटे गोल कंद येतात. ते रोग समजून काढू नका. कंद मातीवर टेकवला की त्यातून नवी वेल निघते. दोन पानांमधले अंतर वाढत गेले, तर तिला उजेड कमी पडतो आहे, असे समजावे.

सदनिका १०४ : आमच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही. आम्ही काय लावावे?

सदनिका ४०३ : वहिनी, मग मोत्यांच्या मागे लागू नका, रिप्सॅलिस लावा. ते निवडुंगाच्या कुळातले असले तरी वाळवंटातले नाही. जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात ते वाढते आणि खरोखरच लोंबते. त्याला माती थोडी अधिक ओलसर चालते, मात्र पाणी साचलेले त्यालाही सोसत नाही.

सदनिका २०१ : काका, मनापासून आभार. शनिवारी सर कापते. जुन्या कुंडीतली माती बागेत टाकली तर चालेल ना?

सदनिका ४०३ : आधी मुळे झटकून नीट पाहा. मुळांना किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरा कापसासारखा पुंजका दिसला, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. ती माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत किंवा बागेत जाऊ देऊ नका, पिशवीत बांधून टाकून द्या आणि कुंडी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. कापलेल्या सरांच्या पेरांतही असा पुंजका असेल, तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने तो टिपून घ्या आणि मगच तुकडे नव्या मातीवर अंथरा.