शब्दचर्चा : 'रेवडी'ला मराठीत काय लिहायचं?

कोरा_कागद : नमस्कार मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. २०२४च्या लोकसभा प्रचारातल्या हिंदी भाषणांच्या मराठी सबटायटलचं काम चालू आहे. त्यात 'रेवड़ी बाँटना' शंभरदा येतं, म्हणजे मतांसाठी फुकट गोष्टी वाटणे, असा टोमणा. मी सरळ 'रेवड्या वाटणे' लिहिलं तर तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवलं, म्हणाल्या मराठीत रेवडी उडवतात, वाटत नाहीत, वाचणाऱ्याला वाटेल कुणाची तरी फजिती चाललीय. आणि त्यांचं चूक नाहीये, माझी आजी 'चारचौघांत माझी रेवडी उडवली' असंच म्हणायची. खैरात, खिरापत, फुकट वाटप, आमिष असे पर्याय काढलेत. पण यातला कुठलाही घेतला की मी एका बाजूला झुकतेय असं वाटतं. बोलणाऱ्याने जेवढा टोमणा मारलाय तेवढाच मराठीत यायला हवा, माझ्या पदरचा नको. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

माणदेशी : रेवडी वाटत नाहीत हे कुणी सांगितलं? आमच्या यात्रेत कुस्त्यांचा फड सुरू होतो तोच रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. बारकी पोरं लंगोट घालून उतरतात, जिंकला त्याला मूठभर रेवड्या. मीपण खेळलोय, दुसरीत असताना, हरलो तरी पंचांनी दोन हातात दिल्या होत्या. तेव्हा रेवडी म्हणजे अंगाला माती लावून मिळवलेली गोष्ट. फुकटला रेवडी म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो. तुम्ही शब्द बदलू नका, रेवड्याच ठेवा.

गोदाकाठ : आमच्याकडं नवस फेडताना शेरणी वाटतात, गुळाची नाहीतर रेवड्यांची. शेरणी हा फारसी 'शीरीनी'वरून, म्हणजे गोड पदार्थ. रेवडी मात्र आपलाच शब्द असावा, रेव म्हणजे बारीक खडी, तिळाचे दाणे तसेच दिसतात, त्यावरून.

शुद्धमती : रेव वरून रेवडी याला काही आधार आहे का? दिसण्यावरून व्युत्पत्ती लावायला लागलो तर कशावरूनही काहीही निघेल.

गोदाकाठ : 'असावा' म्हणलंय ताई.

इंदूरकर : मी इंदूरचा मराठी, घरात मराठी नि दाराबाहेर हिंदी, म्हणून बोलतो. हिंदीत जुनी म्हण आहे, अंधा बाँटे रेवड़ी, फिर-फिर अपनों को दे. आंधळा रेवड्या वाटायला बसला आणि हात फिरून फिरून आपल्याच माणसांकडे जातोय. म्हणजे मूळ टोमणा वाटणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही, आणि तोही वशिलेबाजीचा. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधान 'रेवड़ी कल्चर' बोलले, तेव्हापासून अर्थ उलटा फिरला, आता रेशन घेणारी बाई रेवडी खाते म्हणे. खऱ्या अर्थाने रेवडी म्हणजे नेत्याच्या पोराला मिळालेलं तिकीट आणि मेहुण्याला मिळालेलं टेंडर. त्याला मात्र कुणी रेवडी म्हणत नाही.

कोरा_कागद : हे मला माहीतच नव्हतं. पण मग सबटायटलमध्ये मूळ अर्थ आणू की फिरलेला?

शुद्धमती : 'प्रलोभन' लिहा. मतदारांच्या प्रतिज्ञेतही 'प्रलोभनास बळी न पडता' असंच आहे. खैरात अरबी, रेवडी हिंदीतून आलेला वापर, आपल्याकडे शब्द असताना उसनवारी का करायची? आमिष पण चालेल.

तळटीप : आमिष म्हणजे मुळात मांस हो, सामिष-निरामिष मधलं. गळाला लावतात ते. म्हणजे मतदाराला मासा म्हणायचं. आणि प्रतिज्ञेतली भाषा कुठल्या सभेत कोण बोलतं? माणूस माइकवर ओरडतोय रेवडी आणि खाली पट्टीवर 'प्रलोभन', बघणाऱ्याला वाटेल आवाज कुणा दुसऱ्याचा आहे.

शुद्धमती : ओरडणाऱ्याची भाषा तशीच उतरवायची तर अनुवाद कशाला करायचा? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय हौस म्हणून?

तळटीप : महाराजांचा कोश राज्यकारभारासाठी होता, यात्रेतल्या खाऊसाठी नव्हता.

बिनचूक_नाही : शब्द शुद्ध की अशुद्ध यात अडकू नका, कोणासाठी कोणता शब्द वापरला जातो ते बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकसभेच्या तोंडावर शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाचे ६००० जायला लागले, त्याचं नाव सन्मान निधी. त्याच साली सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, ते प्रोत्साहन. २०२४ला काँग्रेसने गरीब घरातल्या बाईला वर्षाला १ लाख देऊ म्हणलं, त्यांच्या न्यायपत्र नावाच्या जाहीरनाम्यात तो न्याय, समोरच्याच्या तोंडी रेवडी. भाजपच्या जाहीरनाम्यात, म्हणजे संकल्पपत्रात, ८० कोटी लोकांना आणखी ५ वर्षं मोफत धान्य, ती गॅरंटी. काँग्रेसच्याही २५ गॅरंट्या होत्याच. आपण दिलं की गॅरंटी, त्याने दिलं की रेवडी, दोघांचंही तेच. आणि आपल्याकडे १९७७चा रोजगार हमीचा कायदा आहे, 'हमी' हा केवढा भारदस्त शब्द, काम मागणाऱ्याचा हक्क त्यात आहे. त्या शब्दाची जागा गॅरंटीने घेतली, जशी काय मिक्सरची दोन वर्षांची असते तशी, याचं मला जास्त वाईट वाटतं.

माणदेशी : माझी आई त्या हमीच्या कामावर खडी फोडायला गेलीय. पहिल्यांदा स्वतःच्या नावाची मजुरी तिला तिथं मिळाली. तिला कुणी रेवडी म्हणून दाखवा.

इंदूरकर : दिल्लीत केजरीवालांनी नोव्हेंबर २०२४ला 'रेवड़ी पर चर्चा' असा प्रचारच काढला. शिवी होती ती अंगावर घेतली. म्हणजे शब्द आता दोन्हीकडून वापरात आहे, कोरा_कागद ताई तुम्ही रेवडीच ठेवा, दुसरा शब्द घातला तर हे सगळं गळून पडेल.

कोरा_कागद : पटतंय पण तपासणाऱ्या बाईंना काय सांगू? एका ओळीत म्हण समजावून सांगता येत नाही, दोन सेकंद असतात वाचायला. सध्या 'खिरापत वाटणे'वर मन बसतंय. पेपरात 'पदांची खिरापत' येतंच की.

परसदार : खिरापत नको हो! आमच्या भोंडल्यात खिरापत झाकलेली असायची, ओळखायची, आणि जिच्या घरचा भोंडला तिच्या आईने सकाळपासून खपून केलेली असायची. त्यात फुकट काय आलं? मला तर तो शब्द खीर वरून आलाय असं वाटतं.

तळटीप : खीर नाही, खैरातच असावं. खैरात-खिरापत, उच्चार घासत घासत.

शुद्धमती : मधला 'प' कुठून आला मग? घासून अक्षर जातं, वाढत नाही.

परसदार : तेच तर. आणि खैरात असती तर कोकणात आरतीनंतर देवापुढची खिरापत कुणी म्हणलं असतं का? खैरात दाराशी आलेल्याला देतात, खिरापत घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना.

गोदाकाठ : आमच्याकडं खिरापत म्हणजे फक्त सुंठवडा आणि खोबरं-साखर. शिजवलेलं असलं तर प्रसाद. तुमच्याकडं शिजवलेल्याला पण खिरापत म्हणतात?

परसदार : हो, वाटली डाळ असायची कायम. भिजवून, वाटून, फोडणीत परतलेली.