पूड नको, जाडसर चुरा घाला

कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियमची पूड मिसळूनही अंडी मऊ कवचाचीच येतात, अशी काहींची तक्रार असते. अहो, पूड पोटातून लवकर निघून जाते! कवच तयार व्हायला साधारण २० तास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा, कोंबडी काही खात नसताना. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा, गव्हाच्या दाण्याएवढा, संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती टिपते, आणि पिल्लांना तो खाद्यातून बळंच खावा लागत नाही. जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, नुसत्या धान्यातून ते कुठून येणार? माझ्याकडे एकीचं अंडं तर पाण्याच्या फुग्यासारखं बोटाखाली दबत होतं. नव्या तलंगेची (नुकतीच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीची) पहिली एक-दोन अंडी अशी आली तर मात्र घाबरू नका. कोंबड्या उन्हाने धापा टाकत असतील तर त्यानेही कवच पातळ होतं, तेव्हा आधी सावली, गार पाणी.