आईची ॲसिडिटी अन् पोट साफ न होणं, कोणतं औषध द्यावं?

राळेगावची लेक : नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, खेड्यावर राहते. छातीत जळजळ, रात्री घशाशी आंबट पाणी, अन् चार-चार दिवस पोट साफ नाही. परवा तिचा गोळ्यांचा डबा ओतून पाहिला. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, बीपीची ॲम्लोडिपिन, लोहाची गोळी, गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक. वर ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली, जळजळलं की सरळ तोंडाला लावते. कोणी इसबगोल सांगतं, कोणी एरंडेल. काय देऊ?

दर्यापूरकर : इसबगोल द्या. आमच्या बाबांना लागू पडलं.

औषधवाला, वर्धा : ताई, नवीन काही आणायच्या आधी तो डबाच डॉक्टरांपुढे ओता. डायक्लोफिनॅक पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास देते, जळजळीचं एक मूळ तिथंच असू शकतं. लोहाच्या गोळीनं शौच घट्ट होते. ॲम्लोडिपिननं काहींच्या अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं, पण ती मनानं बंद करू नका, बीपी वाढेल. पातळ औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. ॲल्युमिनियमनं पोट धरतं, मॅग्नेशियमनं सैल होतं, बहुतेक बाटल्यांत दोन्ही असतात.

पॅन्टोप्राझोल केव्हा घेते? जेवल्यावर घेत असेल तर अर्धं काम वाया. सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, न चावता गिळायची. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, तेही विचारा. खायचा सोडा देऊ नका, त्यात सोडियम फार, बीपीवाल्यांना बरा नाही.

गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त असेल तर थांबू नका. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण डांबरासारखी चिकट असेल तर त्याच दिवशी दवाखाना. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर ती ॲसिडिटी समजू नका.

आशाताई : आई वावरात जाते का?

राळेगावची लेक : हो, सध्या कापूस वेचायला.

आशाताई : मग पाणी किती पिते ते आधी विचारा. आमच्या गावच्या बाया वेचणीच्या दिवसांत सकाळपासून घोटभर पाणी घेत नाहीत, आडोसा नसतो म्हणून. लागली तरी दाबून ठेवतात. घरी येईस्तोवर लागलेली मरून जाते. अशा कोरड्या पोटात इसबगोल गेलं तर उलट घट्ट गोळा होतो. त्यावर पूर्ण गिलासभर पाणी पाहिजेच, अन् घेतल्या घेतल्या आडवं होऊ नये. न्याहारीनंतर आतडं आपोआप हलतं, तेवढी दहा मिनिटं तिला चुलीपासून सुटका द्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा अन् जेवण झोपायच्या तीन तास आधी. आमच्या सासूबाईंची रात्रीची जळजळ विटांनीच उतरली.

राळेगावची लेक : आत्ताच फोन केला. म्हणते, पाण्याची बाटली धुऱ्यावरच्या झाडाखाली ठेवते, पण संध्याकाळी भरलेलीच परत येते. ऐकून गलबलून आलं. मला एवढ्या वर्षांत हे विचारायचंच सुचलं नाही. शनिवारी डबा घेऊन ग्रामीण रुग्णालयात नेते. तोवर एक सांगा, गुलाबी औषध अन् लोहाची गोळी सोबत चालते का?

औषधवाला, वर्धा : नाही, लोह अंगी लागत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या.